रुईची प्रेअरीतली चुलत बहीण

१. फुलं भरपूर, मग उपासमार कशाची?

शिकागोच्या उपनगरात किंवा मिनेसोटात घर घेतलेल्या मराठी कुटुंबांत बागेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. अंगणात गुलाब आहेत, झेंडू आहे, पेटुनियाच्या कुंड्या ओसंडताहेत. मग फुलपाखरं अशी तुरळक का? एवढी फुलं असताना त्यांना कमी काय पडतं?

कमी पडतात दोन गोष्टी, आणि त्यातली एकच फुलाशी संबंधित आहे. बाजारात मिळणाऱ्या पुष्कळ शोभेच्या फुलांत पाकळ्यांची संख्या वाढवत नेलेली असते. ज्या पुंकेसरांतून पराग मिळायचा तेच बदलून पाकळ्या झालेले असतात, आणि गर्दीमुळे मधापर्यंत सोंड पोचत नाही. फूल मोठं, देखणं आणि कीटकाच्या दृष्टीनं रिकामं.

दुसरी कमतरता पानांची आहे, आणि ती जास्त गंभीर. पुण्या-मुंबईत ज्यांनी गॅलरीत कढीपत्ता लावलाय त्यांना हे ठाऊक असतं. पावसाळ्यात त्याच्यावर हिरव्या गुबगुबीत अळ्या येतात, चार दिवसांत फांदी बोडकी करतात, आणि शेजारच्या गुलाबाच्या पानाला तोंडही लावत नाहीत. फुलपाखरू मध प्यायला कुठल्याही फुलावर जाईल. अंडी घालताना मात्र ते ठरावीक झाडच शोधतं, कारण त्याच्या अळीला तेवढंच पचतं. झेंडूच्या ताटव्यावर शंभर फुलपाखरं मध पिऊन गेली तरी त्या बागेत एकही फुलपाखरू जन्माला येत नाही, असं सहज घडू शकतं.

उत्तर अमेरिकेत याचं सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मोनार्क, काळ्या रेघांचं नारिंगी फुलपाखरू. त्याची अळी मिल्कवीड नावाच्या वनस्पतींच्या गटावर वाढते, दुसरं काही खात नाही. या गटातली बागेत लावायला सर्वांत सोयीची, दिसायला सर्वांत तेजस्वी आणि मुळात प्रेअरीची असलेली वनस्पती म्हणजे बटरफ्लाय मिल्कवीड. शास्त्रीय नाव ॲस्क्लेपियास ट्युबरोसा. ती कशी वाढते, कशी वाढवायची, आणि वाढल्यावर ती खाल्ली जाऊ देणं का आवश्यक आहे, हे आता क्रमानं पाहू.

२. प्रेअरी म्हणजे नुसतं गवत नव्हे

प्रेअरी हा उत्तर अमेरिकेच्या मध्यभागातला गवताळ प्रदेश. पूर्वेकडे, जिथे पाऊस जास्त, तिथे डोक्यापेक्षा उंच गवत; पश्चिमेकडे रॉकी पर्वताच्या दिशेनं ते आखूड होत जातं. पण गवतांच्या मध्ये शेकडो प्रकारच्या फुलझाडांची वस्ती असते, आणि प्रेअरीतले परागवाहक कीटक जगतात ते या फुलझाडांवर. गवताचा पराग वारा नेतो. त्याला कीटकांची गरज नाही.

प्रेअरीतली बहुतेक झाडं बहुवर्षायू असतात. म्हणजे एकदा रुजलं की तेच झाड वर्षानुवर्षं जगतं, पण जमिनीवरचा भाग दर हिवाळ्यात मरून जातो आणि वसंतात मुळापासून नवे कोंब येतात. नेब्रास्का विद्यापीठातल्या जॉन वीव्हर या वनस्पतिशास्त्रज्ञानं विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रेअरीत खोल चर खणून मुळांची चित्रं काढली. काही झाडांची मुळं दहा-पंधरा फूट खाली गेलेली त्याला आढळली. वर गुडघाभर आणि खाली दोन माणसांच्या उंचीइतकं, असा हा हिशेब. म्हणूनच प्रेअरी दुष्काळात टिकते, आणि वणव्यातही. शेकडो वर्षं इथले मूलनिवासी मुद्दाम गवत पेटवत असत. आगीत वरचं वाळलेलं गवत आणि घुसखोर झुडपं जळतात. ज्याचे डोळे जमिनीखाली सुरक्षित आहेत ते झाड पुन्हा फुटतं.

या मुळांनीच हजारो वर्षांत काळीभोर, कसदार जमीन घडवली, आणि तीच प्रेअरीच्या मुळावर आली. लोखंडी नांगराला ही चिकट माती चिकटून बसायची. १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या ग्रँड डिटूर गावी जॉन डिअर या लोहारानं गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर बनवला, त्यावरून माती घसरू लागली, आणि पुढच्या काही दशकांत गवताळ प्रदेश मक्याचा आणि गव्हाचा झाला. इलिनॉय राज्यात एके काळी सुमारे दोन कोटी वीस लाख एकर प्रेअरी होती. आज तिथे मूळ स्थितीतली, अव्वल दर्जाची प्रेअरी जेमतेम एक शतांश टक्का उरली आहे. उरली तीही कुठे, तर रेल्वेमार्गाच्या कडेच्या पट्ट्यांत आणि जुन्या दफनभूमींत. म्हणजे जिथे नांगर नेणं शक्य नव्हतं किंवा योग्य मानलं जात नव्हतं तिथे.

गेलेली प्रेअरी पुन्हा उभी करता येते का, याचे प्रयत्नही जुने आहेत. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन इथल्या उद्यानात १९३० च्या दशकात एका जुन्या शेतजमिनीवर प्रेअरी लावायला सुरुवात झाली. कर्टिस प्रेअरी या नावानं ओळखली जाणारी ती जागा आजही आहे. हे आपल्या विषयाला महत्त्वाचं आहे. घरामागचा दहा फुटांचा वाफा प्रेअरी होत नाही, हे खरं; पण तिथे कुठलं झाड लावायचं, आग लावता येत नसेल तर काय करायचं, बियांना थंडी कशी द्यायची, यातलं बरंचसं ज्ञान अशा प्रयोगांतून घरोघरी पोचलं.

३. झाडाची ओळख

बटरफ्लाय मिल्कवीड दीड-दोन फूट उंच वाढतं, क्वचित अडीच. एका मुळातून अनेक केसाळ खोडं येतात, पानं अरुंद आणि एकाआड एक. जूनपासून ऑगस्टपर्यंत खोडांच्या टोकाला सपाट झुपक्यांत फुलं येतात आणि ती इतक्या शुद्ध नारिंगी रंगाची असतात की प्रेअरीत दुसऱ्या कुठल्या फुलाशी त्यांची गल्लत होत नाही. कॅनडातल्या ओंटारिओपासून फ्लोरिडापर्यंत आणि पश्चिमेला ॲरिझोनापर्यंत हे झाड मूळचं आढळतं. मिनेसोटाच्या हिवाळ्यात तापमान उणे ३५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरतं, तेही ते सोसतं. अमेरिकेतल्या पेरेनियल प्लँट असोसिएशननं २०१७ साठी वर्षाचं बहुवर्षायू झाड म्हणून त्याची निवड केली होती.

मराठी वाचकाला या झाडाची ओळख पटवायला एक सोपी वाट आहे. शनिवारी मारुतीला ज्या रुईच्या पानाफुलांचा हार घालतात, ती रुई आणि हे मिल्कवीड एकाच कुळातली, शिवाय त्या कुळाच्या एकाच शाखेतली. रुईचं फूल हातात घेऊन पाहिलं असेल तर मधोमध उभा असलेला पाच बाजूंचा मुकुट आठवेल. मिल्कवीडचं फूल त्याहून पुष्कळ लहान, पण बांधणी तीच. रुईच्या वाळलेल्या शेंगेतून रेशमी केसांची म्हातारी वाऱ्यावर निघते, तशीच इथेही निघते. रुईचं पान तोडलं की चीक गळतो. मिल्कवीड गटाला नावच त्या दुधी चिकावरून पडलं. गंमत अशी की बटरफ्लाय मिल्कवीडमध्ये दुधी चीक नाही, त्याचा रस पाण्यासारखा पातळ आणि जवळजवळ रंगहीन असतो. गटातलं हे वेगळेपण पुढे अळीच्या संदर्भात कामी येणार आहे.

एक सावधगिरी इथेच सांगतो. या झाडाच्या मुळाचा छातीच्या दुखण्यांवर पूर्वी वापर होत असे, पण त्यात हृदयावर परिणाम करणारी विषारी द्रव्यं असतात. घरगुती औषध म्हणून ते कधीही घेऊ नये. छाटणी केल्यावर हात धुवावेत. रुईच्या चिकाचा हात डोळ्याला लागू नये म्हणून आपल्याकडे मुलांना जे बजावतात, ते इथेही लागू.

४. पाय अडकवणारं फूल

परागीभवन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर पिवळी भुकटी येते. मधमाशी फुलावर बसली, अंगाला भुकटी लागली, पुढच्या फुलावर थोडी सांडली. मिल्कवीडमध्ये भुकटी सुटीच नसते. एका कप्प्यातले सगळे परागकण मेणचट पिशवीत एकत्र चिकटलेले असतात. या पिशवीला परागपुंज म्हणतात. दोन परागपुंज दोन बारीक दांड्यांनी एका काळपट चिमट्याला जोडलेले असतात. वाटसरूच्या खांद्यावरून पुढे-मागे लोंबणारी पडशी डोळ्यांसमोर आणा: मधली पट्टी म्हणजे चिमटा, दोन्ही बाजूंचे कप्पे म्हणजे परागपुंज. ही पडशी फुलाच्या मधल्या खांबात, एका अरुंद फटीच्या वरच्या टोकाशी बसवलेली असते. एका फुलात अशा पाच फटी.

आता कीटक काय करतो ते पाहू. फुलातल्या पाच उभ्या वाट्यांमध्ये मध साठलेला असतो. मध प्यायला कीटक वर चढतो, पण पृष्ठभाग गुळगुळीत असल्यानं पाय घसरतो आणि फटीत जातो. पाय वर ओढला की तो फटीच्या टोकाशी असलेल्या चिमट्यात अडकतो, आणि जोर लावून सुटताना अख्खी पडशी घेऊन निघतो. थोड्या वेळात दांड्या वाळून वळतात आणि परागपुंज योग्य कोनात येतात. पुढच्या एखाद्या फुलावर पुन्हा पाय घसरला, आणि या वेळी एक परागपुंज फटीत बरोबर शिरून तुटून राहिला, तर त्या फुलाचं फलन होतं.

इतक्या अटी पाळल्या जाण्याची शक्यता कमीच. म्हणून शेकडो फुलांच्या झाडावर शेंगा मोजक्याच दिसतात. पण जेव्हा जमतं तेव्हा एकाच परागपुंजात शेंगेतल्या सगळ्या बियांना पुरतील इतके परागकण असतात. थेंबाथेंबानं देण्यापेक्षा एकदाच आणि भरपूर, ही या कुळाची रीत. रुईतही हेच घडतं. आपल्याकडे हे काम प्रामुख्यानं मोठा काळा भुंगा करतो.

याचा बागेशी थेट संबंध आहे. पाय अडकला तर तो सोडवायला ताकद लागते. लहान माश्या, कधी कधी परदेशातून आलेली पाळीव मधमाशीही, अडकून तिथेच मरते. बंबलबीसारख्या दणकट मधमाश्या, मोठ्या गांधीलमाश्या आणि मोठी फुलपाखरं मात्र सहज सुटतात. मधमाशीच्या पेट्या ठेवल्या की परागवाहकांचं भलं झालं, असा समज सर्वत्र आहे. पण पेटीतली मधमाशी अमेरिकेची नाही. ती युरोपी वसाहतवाल्यांनी १६२२ मध्ये व्हर्जिनियात आणली. त्याआधी युगानुयुगं हे काम स्थानिक मधमाश्यांच्या हजारो जाती करत होत्या. त्यांतल्या बहुसंख्य जाती एकेकट्या राहतात आणि जमिनीत बीळ करून अंडी घालतात. त्यातली रस्टी पॅच्ड बंबलबी ही जात २०१७ मध्ये अमेरिकेच्या संकटग्रस्त यादीत गेली. माझ्या मते परागवाहकांसाठी झाड लावणाऱ्यानं आधी विचार करायचा तो या मधमाश्यांचा. पेटीतल्या मधमाशीची काळजी घ्यायला तिचा मालक असतो.

आणखी एक व्यवहारी मुद्दा. या झाडाला स्वतःचाच पराग चालत नाही. त्यामुळे एकच झाड लावलं तर फुलं येतील, मध मिळेल, पण शेंग जवळजवळ धरणार नाही. बियांपासून वाढलेली निदान चार-पाच वेगवेगळी झाडं जवळ हवीत.

५. पान, विष आणि चार हजार किलोमीटर

मोनार्कची मादी मिल्कवीडच्या पानाखाली एकेक अंडं घालते. तीन ते पाच दिवसांत अळी बाहेर येते, सुमारे दोन आठवडे अखंड खाते, पाचदा कात टाकत वाढते आणि कोषात जाते. पानातलं विष तिला बाधत नाही. उलट ती ते अंगात साठवते आणि पुढे फुलपाखरातही ते टिकतं. लिंकन ब्राउअर या जीवशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात ब्लू जे पक्ष्यांना असे मोनार्क खाऊ घातले. पक्षी ओकले, आणि त्यानंतर नारिंगी-काळं फुलपाखरू दिसलं की तोंड फिरवू लागले.

आता बटरफ्लाय मिल्कवीडचा कमीपणाही प्रामाणिकपणे सांगायला हवा. त्याच्या पानांत चीक नाही आणि ही द्रव्यंही गटातल्या इतर झाडांच्या मानानं कमी. मोनार्कची मादी त्याच्यावर अंडी घालते, पण निवड असेल तर कॉमन मिल्कवीड किंवा स्वाम्प मिल्कवीडला पसंती देते. मधासाठी मात्र बटरफ्लाय मिल्कवीड उत्कृष्ट. म्हणून जमीन ओलसर असेल तिथे दोन-तीन स्वाम्प मिल्कवीड जोडीला लावावीत. कॉमन मिल्कवीड जमिनीखालच्या खोडांनी चहूकडे पसरतं, ते लहान वाफ्यात आणू नये. शेताच्या बांधावर, मोकळ्या पट्ट्यात ते शोभतं.

ही अळी इतकी महत्त्वाची का? उन्हाळ्यात जन्मलेला मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतो. पण उन्हाळा सरताना जन्मणारी पिढी वेगळी असते. ती लगेच अंडी घालत नाही, सात-आठ महिने जगते आणि कॅनडाच्या सीमेपासून थेट मध्य मेक्सिकोच्या डोंगरांपर्यंत, चार हजार किलोमीटरांहून अधिक, उडत जाते. तिथे ओयामेल नावाच्या देवदारवर्गीय झाडांवर लाखो फुलपाखरं एकत्र हिवाळा काढतात. कॅनडाचे फ्रेड उर्कहार्ट कित्येक वर्षं पंखांना चिठ्ठ्या लावून या जागेचा शोध घेत होते. १९७५ च्या जानेवारीत त्यांचे स्वयंसेवक केन ब्रगर आणि कॅटालिना आग्वादो तिथे पोचले. डोंगरातल्या स्थानिक लोकांना ही झाडं अर्थातच आधीपासून माहीत होती.

फुलपाखरं मोजता येत नाहीत, म्हणून त्यांनी व्यापलेलं जंगल मोजतात. १९९६-९७ च्या हिवाळ्यात ते १८ हेक्टरांहून अधिक होतं. २०१३-१४ मध्ये ०.६७ हेक्टर. २०२४-२५ मध्ये १.७९. मधल्या घसरणीची कारणं अनेक आहेत: मेक्सिकोतली वृक्षतोड, हवामान, कीटकनाशकं. पण एक मोठं कारण अमेरिकेच्या मध्यभागातल्या शेतांतलं आहे. तणनाशक सोसणारी मका-सोयाबीनची वाणं १९९० च्या दशकात आली, आणि पिकांच्या ओळींमधून तोवर तग धरून असलेलं मिल्कवीड साफ झालं. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या वन्यजीव खात्यानं मोनार्कला कायद्याचं संरक्षण द्यायचा प्रस्ताव मांडला.

६. बियाला थंडी हवी

बटरफ्लाय मिल्कवीडचं बी आणून मे महिन्यात कुंडीत टाकलं आणि रोज पाणी घातलं, तर बहुधा फारच थोडं उगवेल. बी खराब नसतं. ते शरद ऋतूत जमिनीवर पडतं. तेव्हाच उगवलं तर पुढच्या बर्फात मरेल. म्हणून ओल आणि थंडी यांचा सलग काळ अनुभवल्याशिवाय ते जागं होत नाही. हा काळ या झाडाला सुमारे तीस दिवसांचा लागतो.

तो देण्याचे दोन मार्ग. पहिला सोपा: ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात, जमीन गोठण्याआधी, मोकळ्या केलेल्या मातीत बी पाव इंच खोल पेरायचं आणि बाकीचं हिवाळ्यावर सोपवायचं. दुसरा मार्ग फ्रिजचा. ओलसर वाळू मुठीत दाबली तर पाणी गळू नये इतपतच ओली घ्यायची, त्यात बी कालवायचं, प्लास्टिकच्या पिशवीत भरून तारीख लिहायची आणि फ्रिजमध्ये, फ्रीझरमध्ये नव्हे, ठेवून द्यायचं.

तारखा उलट मोजायच्या असतात. शिकागोच्या परिसरात कडाक्याच्या हिमाची भीती मे महिन्याच्या मध्याला संपते. रोप बाहेर लावायचा दिवस १५ मे धरू. घरात रोप तयार व्हायला सुमारे आठ आठवडे लागतात, म्हणजे पेरणी २० मार्चला. त्याआधी तीस दिवसांची थंडी, म्हणजे फ्रिजमध्ये ठेवायचा दिवस १८ फेब्रुवारी. मेमध्ये आठवण झाली तर त्या वर्षी बियांचा नाद सोडावा आणि रोपं विकत आणावीत.

रोपांसाठी पिशवी किंवा कुंडी खोल हवी. वर दोन पानं दिसताहेत तोवर खाली सोटमूळ बोटभर गेलेलं असतं. ते ठिसूळ असतं आणि मोडलं तर रोप सहसा सावरत नाही. याच कारणानं वाढलेलं झाड खणून दुसरीकडे न्यायचं नाही, आणि प्रेअरीतून किंवा रस्त्याच्या कडेचं उपटून आणायचं तर मुळीच नाही. ते तिथूनही जातं आणि घरीही जगत नाही. रोपवाटिकेतून घेताना एक प्रश्न जरूर विचारावा: या रोपांना निओनिकोटिनॉइड वर्गाचं कीटकनाशक दिलं आहे का? ही औषधं झाडाच्या अंगात भिनतात, पानात आणि मधातही उतरतात. फुलपाखरासाठी विकत आणलेलं रोपच अळीला मारेल, असं व्हायला नको.

७. कमी देणं

जागा अशी हवी की दिवसाला निदान सहा तास ऊन मिळेल आणि पाणी साचणार नाही. वाळूमिश्रित, हलकी, अगदी मुरमाड जमीनही चालते. चिकण माती असेल तर वाफा थोडा उंच करावा. हिवाळ्यात मुळाशी पाणी साचलं तर सोटमूळ कुजतं.

शेणखत, कंपोस्ट, रासायनिक खत यांतलं काहीही घालायचं नाही. शेतकरी घरातून आलेल्या माणसाला हे पटायला जड जातं, पण कसदार, खताळलेल्या जमिनीत हे झाड लांबट, लुळं होतं आणि भोवतालचं तण त्याच्या डोक्यावर चढतं. पहिल्या उन्हाळ्यात पाऊस नसेल तर आठवड्यातून एकदा खोल पाणी, पुढच्या वर्षीपासून तेही नाही.

पहिल्या वर्षी वर सहा-आठ इंचांचं एक काटकुळं खोड दिसेल. दुसऱ्या वर्षी दोन-तीन खोडं, कदाचित थोडी फुलं. खरा बहर तिसऱ्या वर्षी. मधल्या काळात झाडानं काही केलं नाही असं वाटतं. ते सगळं बळ मुळात घालत असतं, आणि पुढे जे अनेक वर्षं टिकणार ते त्या मुळावरच.

वसंतात आणखी एक कसोटी असते. शेजारची सगळी झाडं हिरवी झाली तरी याचा पत्ता नसतो. उत्तरेत मे महिना निम्मा उलटला तरी कोंब दिसत नाही. मेलं समजून कितीतरी लोक त्या जागी कुदळ घालतात. शरदातच झाडाशेजारी काठी रोवून ठेवावी आणि जून लागेपर्यंत तिथे हात लावू नये.

८. पिवळा मावा आणि बोडकी फांदी

जुलैत कोवळ्या शेंड्यांवर गडद पिवळ्या माव्याचे थर दिसतील. हा मावा मराठी माणसाच्या ओळखीचा आहे. आपल्याकडे रुईवर आणि कण्हेरीवर जो पिवळा मावा येतो तीच ही जात, आता उष्ण आणि समशीतोष्ण जगात सगळीकडे पसरलेली. दिसायला भयंकर वाटला तरी भक्कम मुळाचं झाड त्यानं मरत नाही. ढालकिडे आणि त्यांच्या अळ्या त्याच्यावर ताव मारायला येतात. फारच झाला तर मोनार्कची अंडी नाहीत ना हे पानं उलटून पाहून पाण्याच्या फवाऱ्यानं धुवावा. कीटकनाशक नको, निंबोळी तेलही नको. ते मावा आणि अळी असा भेद करत नाही.

अळ्यांनी पानं खाल्ली तर काय करायचं? काहीच नाही. मला वाटतं, बागकामाच्या आपल्या सवयींत हा सर्वांत अवघड बदल आहे. कुरतडलेलं पान म्हणजे निगा कमी पडली, असं आपण लहानपणापासून शिकलो. इथे एखादी फांदी संपूर्ण बोडकी झाली तर तो वाफा ज्यासाठी केला ते काम सुरू झालं आहे. मूळ शाबूत असतं, पानं पुन्हा येतात.

वाफ्यातला थोडा भाग आच्छादनाशिवाय उघडा ठेवावा. लाकडाच्या चोयट्यांचा जाड थर सगळीकडे पसरला की जमिनीत बीळ करणाऱ्या मधमाश्यांना जागा उरत नाही. वाळलेली खोडंही हिवाळ्यात कापू नयेत. वसंतात ऊब आल्यावर, जमिनीपासून वीतभर ठेवून कापावीत. बागेतल्या पोकळ दांड्यांमध्ये काही मधमाश्या घर करतात. घरामागे आग लावता येत नाही, तेव्हा ही वसंतातली कापणी वणव्याचं थोडं काम करते.

९. एक वाफा, मे ते ऑक्टोबर

एकट्या बटरफ्लाय मिल्कवीडनं परागवाहकांचं वर्ष निघत नाही. बंबलबीची राणी वसंतात एकटीच उठते, तेव्हा तिला लगेच फूल हवं. आणि मेक्सिकोकडे निघालेल्या मोनार्कला सप्टेंबरात चरबी साठवायला मध हवा. मिल्कवीड फुलतं ते या दोघांच्या मध्ये.

दहा बाय दहा फुटांचा, उन्हातला कोरडा वाफा घेऊ. क्षेत्रफळ १०० चौरस फूट. दोन झाडांत दीड फूट अंतर ठेवलं तर एका झाडाला दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन चौरस फूट लागतात. शंभराला सव्वादोननं भागलं की ४४ झाडं. त्यातली १५ बटरफ्लाय मिल्कवीडची, पाच-पाचच्या तीन घोळक्यांत, म्हणजे उडत्या कीटकाला दुरून दिसतील. नऊ झाडं लिटल ब्लूस्टेम या बुटक्या गवताची. ते खोडांना आधार देतं आणि तणाला जागा ठेवत नाही. उरलेल्या वीसमध्ये पाच जातींची चार-चार: मे-जूनसाठी स्पायडरवर्ट, जुलैसाठी तुळशीच्या कुळातलं वाइल्ड बर्गामॉट आणि कोनफ्लॉवर, ऑगस्टच्या मध्यापासून रफ ब्लेझिंग स्टार, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरसाठी निळा ॲस्टर. ब्लेझिंग स्टारच्या जांभळ्या तुऱ्यांवर परतीचे मोनार्क तुटून पडतात. जागा कमी असेल तर मी कोनफ्लॉवर गाळीन, पण हे गाळणार नाही.

लावण्याआधी आपल्या गावाचा किंवा वसाहतीचा गवताच्या उंचीचा नियम वाचून घ्यावा. अनेक ठिकाणी उंच वाढलेल्या झाडोऱ्यावर दंड होतो. वाफ्याभोवती दोन फुटांची कापलेली पट्टी आणि परागवाहकांसाठीची जागा असल्याची छोटी पाटी, एवढ्यानं बहुतेक तक्रारी मिटतात. वारा बदलतो आहे, हेही खरं. मिनेसोटा राज्य तर हिरवळीच्या जागी अशी झाडं लावणाऱ्या घरमालकांना खर्चाचा काही भाग परत देतं.

१०. कुठलं बी कुठे

दक्षिण टेक्सास आणि फ्लोरिडात रोपवाटिकांतून लाल-पिवळ्या फुलांचं एक मिल्कवीड सर्रास विकलं जातं. ते मेक्सिको आणि त्याच्या दक्षिणेचं, आणि आपल्याकडेही हळदीकुंकू या नावानं बागांत आणि पाटाच्या कडेला दिसतं. उबदार भागात ते हिवाळ्यातही मरत नाही. त्यामुळे काही मोनार्क स्थलांतर न करता तिथेच अंडी घालत राहतात, आणि मोनार्कच्या शरीरात वाढणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीचे कण त्याच पानांवर पिढ्यान्‌पिढ्या साठत जातात. बटरफ्लाय मिल्कवीड हिवाळ्यात जमिनीपर्यंत मरतं, आणि पानांबरोबर तो साठाही जातो. तेव्हा टेक्सासमध्ये राहत असाल तर हळदीकुंकू लावण्यापेक्षा तिथलीच मूळ मिल्कवीड निवडावीत.

हाच नियम उलट दिशेनंही लागू. शिकागोहून सुट्टीला येताना हे बी पुण्याला आणू नये. महाराष्ट्राच्या हिवाळ्यात त्याला लागणारी थंडी नाही आणि इथल्या कीटकांना त्याची गरज नाही. मोनार्कच्याच प्रजातीगणातलं प्लेन टायगर, ज्याला मराठीत बिबळ्या कडवा म्हणतात, आपल्याकडे रुईवर वाढतं. कुंपणाच्या कोपऱ्यात आपोआप उगवलेली रुई कापायची नाही, एवढं केलं की त्याची सोय झाली.

प्रेअरीच्या प्रदेशातही बी शक्यतो जवळचंच घ्यावं. फ्लोरिडातल्या बटरफ्लाय मिल्कवीडची संतती विस्कॉन्सिनच्या हिवाळ्यासाठी घडलेली नसते. तिसऱ्या वर्षी आपल्याच झाडांना शेंगा धरल्या की सप्टेंबरात त्या पिवळसर होतील. फुटण्याआधी त्यांना सैल दोरा बांधावा, फट दिसू लागली की तोडाव्या आणि म्हातारीचे केस काढून तपकिरी बी कागदी पाकिटात, कोरड्या जागी ठेवावं. त्यातलं निम्मं दोन घरं पलीकडच्या शेजाऱ्याला द्यावं, त्याच्याकडचं दुसऱ्या झाडांचं बी आपण घ्यावं. बंबलबीला तेवढं अंतर सहज झेपतं, आणि परका पराग मिळाला की दोन्ही अंगणांत शेंगा अधिक धरतात.